गैरहजर माणसाचा तुकडा

मी सुरा बोलतोय. दचकू नका. माझ्या पात्याला टोक नाही, त्यामुळे कुणाच्या पोटात शिरायचा प्रश्नच येत नाही. चार बोटं रुंद पातं, ऑलिव्हच्या लाकडाची मूठ आणि काम एकच, गरम खाऊचे तुकडे करणं. दयामायेची अपेक्षा मात्र माझ्याकडून ठेवू नका. हळव्या हाताने कापलं की सगळ्याचा चुरा होतो, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे.

माझा जन्म ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरातला. एका भंगारात काढलेल्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून लोहाराने मला घडवलं. लाल होईस्तोवर तापवायचं, बदडायचं, पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा तापवायचं. त्या लोहाराने एकदाही मला कुरवाळलं नाही. धार लागली तशी त्याने ती स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर तपासली आणि मला विकून टाकलं.

विकत घेणारा बंदराजवळ बुगात्सा विकायचा. बुगात्सा म्हणजे कागदाहून पातळ पारीचे थर आणि आत रव्याची गोड मलई. भट्टीतून निघाला की ओट्यावर ठेवायचा, माझ्या पात्याने खटाखट चौकोनी तुकडे करायचे, वर पिठीसाखर आणि दालचिनी भुरभुरायची. त्याचा मुलगा थानासिस तरुणपणी मोटारीच्या कारखान्यात कामाला म्हणून जर्मनीला निघाला, तेव्हा त्याने मला लोकरीच्या बनियनमध्ये गुंडाळून सोबत घेतलं. पुढे कारखान्याला कंटाळून त्याने श्टुटगार्टमध्ये, शहराच्या मध्यावर, मंडईमागच्या गल्लीत बेकरी उघडली. सहा संगमरवरी टेबलं, निळ्या खुर्च्या आणि भिंतीवर समुद्राचा एक फोटो. ऊन खाऊन खाऊन त्यातला समुद्र हिरवा पडला होता.

त्या ओट्यावरून मी माणसं पाहिली. ग्रीक म्हातारे एका कपावर अख्खी सकाळ काढत आणि उठताना कॉफी पूर्वीसारखी राहिली नाही म्हणून तक्रार करत. जर्मन गिऱ्हाइकं बुगात्सा काट्या-सुरीने खात. समोर मी ढळढळीत असताना बशीतल्या त्या चिमुकल्या सुऱ्या कशाला लागत, देव जाणे. नवरा-बायको भांडायला घर सोडून इथे येत, कारण चारचौघांत आवाज चढवता येत नाही. दबक्या आवाजातलं भांडण जास्त खोल जातं, हे मला तिथेच कळलं.

नीलिमा आमच्या दुकानात आली २००६ साली. पुण्याची, रसायनशास्त्रात एम.एस्‌सी. केलेली. नवरा शिरीष शहराबाहेरच्या बॉबलिंगेन गावी सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याआधीची वर्षं घरी बसून तिने जर्मन शिकून घेतलं, शंभर ठिकाणी अर्ज केले आणि शेवटी दारावरची कामाला माणूस हवं अशी पाटी वाचून सरळ आत आली. थानासिसची बायको फोतिनी हिने तिच्या हातात लाटणं दिलं. नीलिमाने पारी अशी काही लाटली, की फोतिनीने तिला विचारलं, हे कुठे शिकलीस. नीलिमा म्हणाली, आमच्याकडे दिवाळीला चिरोटे करतात.

कामाला शिरीषची हरकत नव्हती. अट एकच होती, मराठी मंडळात कुणाला कळता कामा नये. मंडळात त्याने सांगून ठेवलं होतं, की नीलिमा एका इन्स्टिट्यूटमध्ये रिसर्च करते. बेकरी कोणती, कुठल्या गल्लीत, हे त्याने कधी विचारलंसुद्धा नाही. श्टुटगार्टमध्ये कुठेतरी, एवढं त्याला पुरे होतं.

हे सगळं तिने मलाच सांगितलं. सकाळी भट्टी तापेपर्यंत ती दगडावर मला घासायची आणि मराठीत बोलत राहायची. माझं मराठी तिचं आहे. भाषा शिकायला मला दोन हिवाळे लागले. तिच्या मुलीला, अन्वीला, जन्मापासून ऐकूनही ती बोलता येत नव्हती. तिला सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. नीलिमा यावर हसायची आणि मला जरा जास्तच जोरात घासायची.

आता ग्रीकांची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. नव्या वर्षाला ते गोल केक करतात आणि त्यात एक नाणं लपवतात. केक कापायचा तो नावं घेत घेत. पहिला तुकडा देवाचा, दुसरा त्याच्या आईचा, मग घराचा, मग माणसांचे, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. नाव मोठ्याने घेतल्याशिवाय सुरा टेकवायचा नाही. आणि घरातलं जे माणूस त्या दिवशी हजर नसेल, त्याच्याही नावाने तुकडा कापून बाजूला ठेवायचा. ज्याच्या तुकड्यात नाणं, ते वर्ष त्याचं.

आमच्या दुकानात हा केक नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी कापला जाई. त्या वेळी जो कुणी खुर्चीवर बसलेला असेल, तो घरचा. नाणं होतं ग्रीसची एक जुनी द्राख्मा. युरो आल्यापासून तिला बाजारात कुणी विचारत नव्हतं, पण थानासिसचा तिच्यावर जीव. नाणं मिळालेल्याने ते वर्षभर पाकिटात सांभाळायचं आणि पुढच्या वर्षी परत आणून द्यायचं, असा त्याचा दंडक होता. आणि प्रत्येकाने ते परत आणूनही दिलं होतं.

२००८च्या जानेवारीत थानासिसचा हात थरथरायला लागला होता. त्याने मला नीलिमाच्या हातात दिलं आणि म्हणाला, या वर्षी तू काप, तू घरची आहेस. तिने डोक्यावरची पांढरी टोपी सारखी केली. मंगळसूत्र कामाच्या नियमाप्रमाणे अॅप्रनच्या आत होतं. ती इतकी खूश होती, की मला दोन वेळा पुसलं.

त्याच वेळी दार उघडलं आणि शिरीष आत आला.

सोबत होते पुण्याहून आलेले त्याचे वरिष्ठ पुष्कर, त्यांच्या पत्नी सुलेखाबाई आणि आठ वर्षांची अन्वी. शिरीषला जर्मनीत आणखी तीन वर्षं मिळणार की नाही, हे पुष्करसाहेबांच्या एका शब्दावर होतं. म्हणून त्याने त्यांना शहर दाखवायला आणलं होतं. नीलिमाला त्या दोघांनी कधी पाहिलेलं नव्हतं, आणि बायको कॉन्फरन्ससाठी म्युनिकला गेली आहे, अशी थाप त्याने आधीच ठोकली होती. सुलेखाबाईंना गल्लीत दालचिनीचा वास आला आणि त्या सरळ आत शिरल्या. बाकीचे त्यांच्यामागून.

शिरीषने नीलिमाला पाहिलं. नीलिमाने शिरीषला. अन्वी "मम्मा" म्हणायला तोंड उघडतच होती, तोवर त्याने तिच्या जॅकेटची टोपी मागून धरली. काउंटरच्या काचेपाशी वाकून तो तिला खाऊ दाखवल्यासारखं करत हळूच म्हणाला, "आज आपण एक गंमत करू या. मम्माला ओळखायचं नाही. जो ओळख दाखवेल तो हरला."

मी काचेच्या पलीकडे होतो. नीलिमाही होती. तिला ते ऐकू गेलं.

चौघं टेबलावर बसले. मराठी माणसाला परदेशात एक मोठं सुख वाटतं. आपण काहीही बोललो तरी कुणाला कळत नाही, असं त्याला पक्कं ठाऊक असतं. सुलेखाबाई खुशाल, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "शिरीष, ही मुलगी आपल्याकडचीच वाटते हो. चेहरा बघा."

"नाही हो वहिनी. ग्रीक असतात अशा, सावळ्या," शिरीष म्हणाला.

"मग गरिबाघरची असणार. हात बघा कसे भाजलेत. आपली नीलिमा कुठे आणि ही कुठे."

"गेनाऊ," शिरीष म्हणाला. अगदी बरोबर, असा त्याचा अर्थ. जर्मनीत राहून हा शब्द त्याच्या तोंडात आपोआप यायचा.

नीलिमाच्या मनगटावर भट्टीच्या दाराने दिलेले दोन डाग होते. तिने बाही खाली ओढली नाही. एक मराठी शब्द तिने उच्चारला असता, तर नवऱ्याची तीन वर्षं त्या टेबलावरच संपली असती. मी वाट पाहत होतो. तिची मूठ माझ्यावर घट्ट आवळली, आणि मला वाटलं आता बोलेल. ती बोलली ती जर्मनमध्ये. तिने रीत समजावून सांगितली आणि देवाचा तुकडा कापला.

मग त्याच्या आईचा, दुकानाचा, थानासिसचा, फोतिनीचा. मग नेहमीच्या गिऱ्हाइकांचे. मग ती या टेबलाकडे वळली आणि एकेकाला नाव विचारू लागली. पुष्कर. सुलेखा. मग तिने स्वतःच्या नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आपलं नाव?"

"शिरीष," तो म्हणाला. मान वर न करता.

"शिरीष," ती मोठ्याने म्हणाली आणि मला खाली दाबलं. मग मुलीकडे वळून तिलाही नाव विचारलं. मुलगी हसू दाबत म्हणाली, "अन्वी." तिला खेळ जमत होता.

"घरातलं कुणी आज आलेलं नाही का?" नीलिमाने विचारलं. "त्यांच्याही नावाचा कापते."

 पुष्करसाहेबांनी सुलेखाबाईंना अर्थ सांगितला, तशा त्या उत्साहाने म्हणाल्या, "अहो, मग नीलिमाचा घ्या की. बिचारी एकटी तिकडे. घरी न्या तिच्यासाठी."

तेव्हा शिरीषने ते नाव घेतलं. नीलिमाने तेच नाव पुन्हा मोठ्याने उच्चारलं, कारण नियम तसा होता, आणि स्वतःच्या हाताने स्वतःला गैरहजर केलं. फोतिनीला वाटलं, भारतात हे नाव घरोघरी असेल. माझं पातं केकमध्ये शिरलं आणि मध्येच टणक काहीतरी लागलं. अन्वीच्या आणि त्या तुकड्याच्या बरोबर सीमेवर द्राख्मा होती. थानासिसने चष्मा लावून पाहिलं. नाण्याचा मोठा भाग ज्या बाजूला, नाणं त्याचं. मोठा भाग गैरहजर माणसाकडे होता.

सगळ्या दुकानाने टाळ्या वाजवल्या. सुलेखाबाई म्हणाल्या, नशीबवान आहे हो तुमची बायको. नीलिमाने तुकडा कागदात बांधला, नाणं वर ठेवलं आणि शिरीषच्या हातात दिलं. ते पुढच्या वर्षी परत आणायचं असतं, एवढं तिने बजावलं.

निघण्याआधी अन्वी एकटी काउंटरपाशी आली आणि परक्या बाईशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, "माफ करा, मला थोडी साखर आणखी मिळेल का?" नीलिमाने तिच्या बशीवर साखर भुरभुरली. पोरगी डोळे मिचकावून पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलिमाने फोतिनीला सगळं सांगितलं, कारण थानासिसची द्राख्मा आता कधीच परत येणार नव्हती. सुलेखाबाईंना ती आठवण म्हणून आवडली, तर शिरीषने तिथल्या तिथे देऊन टाकली. केकचा तुकडा अन्वीने घरी परतताना S-बान लोकलमध्ये खाल्ला. गैरहजर माणसासाठी कापलेलं काहीच घरी पोचलं नव्हतं. रात्री शिरीष म्हणाला, "तूच सांग, मी काय करायला हवं होतं? तूसुद्धा बोलली नाहीस. म्हणजे तुलाही पटलंच होतं." आणि तो शांत झोपला. तीन वर्षं नक्की झाली होती.

"आणि अन्वी?" फोतिनीने विचारलं.

"तिने विचारलं, मी छान खेळले ना," नीलिमा म्हणाली. "मी म्हटलं, खूप छान."

फोतिनी रडली. नीलिमा रडली नाही. तिने मला उचललं आणि दगडावर घासायला घेतलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेनाशी झाली. धार मात्र अशी लावायची, की थानासिस मला हातात घ्यायला कचरू लागला.

त्या वर्षी अन्वी दर शनिवारी चर्चमधल्या गाण्याच्या वर्गासाठी श्टुटगार्टला येऊ लागली. वर्ग सुटला की ती बेकरीत यायची, आणि दोघी मायलेकी तो खेळ खेळायच्या. मुलगी अनोळखी गिऱ्हाईक होऊन खुर्ची मागायची, दूध मागायची, आभार मानायची. आई नाव विचारायची. जी आधी हसेल ती हरली. सुरुवातीला अन्वी लगेच हसायची. दिवाळीपर्यंत ती हसायची बंद झाली. एकदा फोतिनीने नीलिमाला बाजूला घेऊन म्हटलं, पोरीशी असलं खेळू नकोस. नीलिमा म्हणाली, "तिला आवडतं."

शरद संपता संपता मंदी आली आणि शिरीषचं काम गेलं. ती नक्की झालेली तीन वर्षं कुठच्या कुठे गेली. पुष्करसाहेब त्याचा फोन घेईनासे झाले. मंडळातल्या लोकांनी आधी हळहळ व्यक्त केली आणि मग त्याला टाळायला सुरुवात केली. घर आता नीलिमाच्या भाजलेल्या हातांवर चाललं होतं. ती घरी वेळेवर जायची, स्वयंपाक करायची, आणि त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. तो माफी मागायला लागला की भांडी घासायला उठायची. हे ती फोनवर पुण्याला आपल्या बहिणीला, स्नेहलताला, सांगत होती, म्हणून मला कळलं. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. थोडी मजाच होती.

२००९च्या जानेवारीतला पहिला रविवार. दुकान भरलेलं. थानासिस कोपऱ्यात पांघरूण घेऊन बसला होता, आणि केकमध्ये या वेळी साधं युरोचं नाणं होतं. शिरीष आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पिवळी फुलं. चारचौघांत ओळख नाकारली होती, तर चारचौघांतच ती द्यायची, असं त्याने ठरवलं असावं. जागा मिळाली ती केसलर आजोबांच्या टेबलावर. हे आजोबा पूर्वी ट्राम चालवायचे. बसल्या बसल्या शिरीषने त्यांना अभिमानाने सांगितलं, "ती सुरा घेतलेली आहे ना, ती माझी बायको."

नीलिमाने ऐकलं. तिची मूठ माझ्यावर आली, सैल आणि निवांत.

देवाचा तुकडा. त्याच्या आईचा. दुकानाचा. थानासिस, फोतिनी, मग सगळी गिऱ्हाइकं. केसलर आजोबांच्या तुकड्यात नाणं निघालं आणि आजोबा लहान मुलासारखे खूश झाले. मग ती शिरीषकडे वळली. "आपलं नाव?"

तो हसला. त्याला वाटलं, ती थट्टा करते आहे. "शिरीष."

"घरातलं कुणी आलेलं नाही का?"

"नाही," तो म्हणाला. "माझी बायको इथेच आहे. माझ्यासमोर."

नीलिमाने त्याच्याकडे पाहिलं, जसं पाटी वाचता न येणाऱ्या वाटसरूकडे पाहतात. मग सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या घरचा एक माणूस मात्र आलेला नाही. माझा नवरा. त्याच्या नावाचा कापते."

आणि कापला. एका फटक्यात, चुरा न पडता.

केसलर आजोबांनी एकदा तिच्याकडे, एकदा शिरीषकडे पाहिलं आणि आपली खुर्ची जरा बाजूला सरकवली. कुणीतरी हसलं. फोतिनीला सगळं ठाऊक होतं. ती एकदम भट्टीकडे वळली. शिरीषच्या हातातली फुलं टेबलावर आडवी झाली. तो मराठीत म्हणाला, "नीलिमा, पुरे ना." तिने भुवया उंचावल्या, जणू ही भाषा तिच्या कानावर प्रथमच पडत होती.

तेवढ्यात दारातून अन्वी आली. त्या दिवशी चर्चमध्ये त्यांचं गाणं होतं, ते संपवून. पांढरे मोजे, गळ्यात निळा स्कार्फ. आत आल्या आल्या तिने बाबाला पाहिलं, आईला पाहिलं, वेगळा ठेवलेला तुकडा पाहिला. त्या दुकानात खरं काय ते सांगू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते नऊ वर्षांचं होतं.

शिरीष अर्धवट उठला. "अन्वी," तो म्हणाला, "सांग ना या आजोबांना. मी कोण आहे ते सांग."

अन्वी त्याच्या टेबलापाशी गेली. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला आणि जर्मनमध्ये, अदबीने, डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "माफ करा, ही खुर्ची मी घेऊ का?"

 तिने खुर्ची उचलली, आईच्या काउंटरपाशी नेऊन ठेवली आणि बसली. ती हसली नाही. नीलिमाही हसली नाही, पण तिने मला न पुसताच ओट्यावर टाकलं, तसं ती कधी करत नसे. तिला वाटलं होतं, की पोरगी हरेल. शपथेवर सांगतो, हरावी असंच तिला वाटत होतं.

थानासिस त्या वसंतात वारला आणि दुकान बंद झालं. आता तिथे मोबाईल विकतात. फोतिनी गावी परतली आणि जाताना मला नीलिमाला देऊन गेली. आता मी बॉबलिंगेनमधल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, लाटण्याशेजारी असतो. शिरीषला छोटी नोकरी मिळाली आहे. तिघं एका टेबलावर जेवतात. मीठ मागायला आवाज येतो, ताटं उचलल्याचा येतो. बाकी शांतता असते.

नीलिमाने आता खेळ थांबवला आहे. ती अन्वीला म्हणते, बाबांशी बोल. एकदा रडून म्हणाली. अन्वी मान डोलावते आणि खोलीत जाते. परवा नीलिमा बाजूला चपात्या लाटत होती आणि अन्वीने सफरचंद कापायला मला बाहेर काढलं. शिरीष दारात येऊन म्हणाला, "मलाही दे गं एक फोड." तिने ऐकलं. तिचा हात आईसारखाच सरळ पडतो, चुरा होत नाही. तिने सफरचंदाचे बरोबर दोन भाग केले, एक आईपुढे ठेवला आणि एक स्वतः खाल्ला.

नीलिमाचं लाटणं थांबलं. तिने आपला अर्धा भाग उचलला, नवऱ्यापुढे धरला. त्याने तो घेतला नाही. बराच वेळ ती तशीच हात पुढे करून उभी होती.

एवढी वर्षं कधी कुणाकडे काही मागितलं नाही. आज मागतो. नीलिमा, ड्रॉवरच्या खालच्या खणात तुझा तो दगड अजून आहे आणि तो कुठे असतो हे अन्वीला ठाऊक झालं आहे. तो टाकून दे. मला आता कुणी धार लावू नका.